गुलाबी विटांमागची भिंत

चेन्नईतल्या पेरांबूरच्या कारखान्यात रेल्वेचा डबा पुरा झाला, रंगला, बर्थ-खिडक्या बसल्या, की त्याला न्हाऊ घालतात. रुळावरनं ढकलत डबा एका मांडवाखाली आणायचा. त्या मांडवाला वरनं आणि दोन्ही अंगांनी नळ्याच नळ्या. कॉक सोडला की डब्यावर असं पाणी कोसळतं, की आतल्या माणसाला आभाळ फाटलं का काय वाटावं. त्या आतल्या माणसाचं नाव गजेंद्र काळेल. पायांत गमबूट, हातात बॅटरी, आणि काम एकच. कोरड्या डब्यात थेंब हुडकायचा.

थेंब दिसला म्हणजे काम संपलं नाही, तिथनं ते सुरू होतं. थेंब लोंबतोय खिडकीच्या चौकटीला, पण शिरलाय कुठनं? कधी टपावरच्या एखाद्या ढिल्या बोल्टातनं शिरलेलं पाणी आतल्या पत्र्यावरनं सरपटत, दोन कप्पे ओलांडून, भलत्याच जागी डोकं काढतं. गजेंद्रचा बाप माणदेशात मेंढरं राखायचा. चुकल्या मेंढराचा माग खुरावरनं काढावा, तसा हा पाण्याचा माग काढायचा. बोटानं पत्रा चाचपत, बॅटरी तिरकी धरत, उलटा उलटा जात तो भोकापाशी पोचायचा, आणि खडूनं तिथं गोल करायचा. त्याच्या खडूचा गोल चुकलाय असं कारखान्यात कुणी ऐकलं नव्हतं.

असा हा माणूस. आणि त्याच्याच घरात, त्याच्या लेकीच्या उशाला भिंत ओली होती.

दिसत नव्हती असं नाही. ध्यानात घेतली नव्हती. कारण वेलचेरीतलं ते घर त्याच्या हिशेबी घरच नव्हतं. घर होतं गावाकडं. स्लॅबचं, पुढं ग्रॅनाइटचा कट्टा, खिडक्यांना मोराच्या जाळ्या. वर्षाचे अकरा महिने त्याला कुलूप, आणि थोरली बहीण जयवंतीआक्का रोज सांजच्याला दिवा लावून यायची तेवढाच माणसाचा वावर. त्या रिकाम्या घराला दर दिवाळीला नवा रंग. पावसाळ्याआधी गच्चीला डांबर. आणि चेन्नईत? "हितं नोकरी हाय," गजेंद्र म्हणायचा, "घर तिकडं." परमुलखात गेलेला आपला माणूस हे असंच बोलतो, आणि ज्या छपराखाली पोरंबाळं श्वास घेतात त्याला धर्मशाळा समजतो.

घरमालक मात्र आपलाच म्हणायचा. नागोजीराव. बँकेतनं निवृत्त झालेले, मूळचे तंजावरकडचे. त्यांची मराठी ऐकली की वाटावं आपला खापरपणजाच उठून बोलतोय, फक्त मधूनच त्याला तमिळची उचकी लागलीय. ते आणि त्यांची बायको सरोजाबाई वरच्या मजल्यावर, गजेंद्रचं बिऱ्हाड खाली. एका गणेशोत्सवाच्या मांडवात ओळख झाली, आणि "तुम्ही आमचींच माणसें की" म्हणत नागोजीरावांनी किल्ली हातात ठेवली होती.

मग एका डिसेंबरात वादळ आलं. वेलचेरीच ती, चार ढग जास्त बरसले तरी गल्लीचा ओढा होतो. त्या साली पाणी उंबरा ओलांडून गुडघाभर आलं. ओसरल्यावर गल्लीतल्या घराघरांत भिंतींना ओल दिसायला लागली. गजेंद्रच्या आतल्या खोलीतली भिंतही काळवंडली. सगळ्यांची तशी याचीही, मग त्यात बघायचं काय? नागोजीरावांनी चकाकता महागडा रंग मारून दिला. रंगाला फोड आले. परत मारला. परत आले. शेवटी शर्मिष्ठानं, गजेंद्रच्या बायकोनं, मोबाइलवरनं फोमचे तक्ते मागवले. मागनं चिकट, पुढनं विटांची नक्षी, रंग गुलाबी. लेक निधी त्या रंगावर जीव टाकायची. एका रविवारी नवराबायकोनं मिळून ती भिंत गुलाबी विटांनी पार झाकून टाकली, आणि पोरीचा पलंग तिला लावून ठेवला. भिंत अशी देखणी झाली, की शेजारीण विचारायला आली कुठनं आणलं म्हणून.

निधीचा दम त्या वादळानंतरच्या उन्हाळ्यापासून वाढत गेला. आधी नुसती सर्दी. मग खोकला. मग छातीत शिट्टी वाजायला लागली. श्वास आत घेताना गळ्याखाली खळगा पडायचा, फासळ्या मोजून घ्याव्यात अशा दिसायच्या. किती वेळा तिला उचलून दवाखान्यात पळवली याची गणती राहिली नाही. तिथं तोंडाला मास्क लावून वाफेतनं औषध द्यायचे, तेवढ्यापुरती पोर निवायची. रोज सकाळ-संध्याकाळ तोंडात मारायचा पंप सुरू झाला. डॉक्टरीणबाई भली बाई. दर खेपेला विचारायची, घरात ओल आहे का, भिंतीला बुरशी आहे का? शर्मिष्ठा दर खेपेला सांगायची, नाही. खोटं बोलत नव्हती बिचारी. भिंत गुलाबी होती.

आणि दर मे महिन्यात गावाला गेलं, की चार-आठ दिवसांत पोर टुणटुणीत. मेंढरांमागं धावायची, धुळीत लोळायची, पंपाची आठवणसुद्धा राहायची नाही. जूनमध्ये परतली, की पुन्हा शिट्टी. मग यातनं दुसरं काय निघणार? समुद्राचं खारं वारं पोरीला मानवत नाही, गावचं हवापाणी मानवतं. पाडव्याला फोनवर ठरूनही गेलं. निधीला पहिलीत गावच्या शाळेत घालायची, जयवंतीआक्कानं सांभाळायची. आक्काला मूलबाळ नव्हतं, नवरा जाऊन वर्षं लोटली होती. ती आनंदानं हो म्हणाली.

शर्मिष्ठा रडली-बिडली नाही. एवढंच म्हणाली, "माझ्याजवळ राहून तिचा दम कोंडत असंल, तर माझी माया घिऊन काय चाटायचीय? न्या." आणि कपाटातनं पोरीचे कपडे काढून घड्या घालायला बसली. त्या घड्या तिनं त्या आठवड्यात किती वेळा मोडल्या आणि घातल्या, ते गजेंद्र बघत होता.

त्या वर्षी मेमध्ये कारखान्यानं रजा दिली नाही, डब्यांची घाई होती. म्हणून आक्काच निधीला न्यायला चेन्नईला आली. येताना बाजरीचं पीठ, लसणाची चटणी आणि मिश्रीची डबी, एवढं सामान. परतीचं तिकीट दोघींचं काढलेलं.

चेन्नईचा मे म्हणजे तव्यावरची भाकर. अंगणातली फरशी पायाला चटका देते, नळाचं पाणी चहाला चालावं असं येतं, भिंतीला हात लावावा तर चुलीला लावल्यागत. आक्का माणदेशच्या उन्हात वाढलेली, पण हा घामट उबारा तिला नवा. दोन दिवस ती घरभर जागा हुडकत हिंडली. तिसऱ्या दिवशी गजेंद्रची आठवड्याची सुट्टी होती, दुपारी बघतो तर आतल्या खोलीत आक्का गुलाबी भिंतीला पाठ लावून, पाय पसरून, डोळे मिटून बसलेली.

"काय ग्वाड भित हाय रं गजा," ती म्हणाली. "साऱ्या मद्रासात हीच एक माठागत गार."

शर्मिष्ठा हसली. गजेंद्रही हसला, आणि मग त्याचं हसू तिथंच थांबलं.

माठ गार का असतो, हे माणदेशातल्या पोराला शिकवावं लागत नाही. माठ पाझरतो म्हणून गार असतो. पाझर बंद झाला, की तोच माठ उन्हात तापतो. गुडघाभर पाणी ओसरून दोन उन्हाळे झाले होते. पोंगलपासून, म्हणजे आपल्या संक्रांतीपासून, आभाळातनं थेंब पडला नव्हता, अंगणातली माती तडकली होती. मग ही भिंत अजून कुठलं पाणी पिऊन पाझरत होती? आणि गेला मे? गेल्या मेमध्ये ते गावाला होते. त्याच्या आदल्या मेमध्येही. उन्हाळ्यातली ही भिंत त्यांनी कधी बघितलीच नव्हती.

त्यानं तळवा गुलाबी विटांवर टेकला. मग नखानं एक कोपरा उचकटला.

पोरीला बाहेर न्या म्हणायलाही त्याला सुचलं नाही, ते आक्कानं केलं. पदर निधीच्या नाकातोंडाला गुंडाळून तिला उचलून ती अंगणात गेली. गजेंद्रनं तक्ता ओढला. तो नुसता निघाला नाही, सालटं सुटावं तसा पचपचत आला. मागं काळं होतं. काजळी असते तसं, पण ओलं आणि केसाळ. कुठं त्याला हिरवट कडा, कुठं पिवळी फुलं, कुठं गोल गोल वलयं, एकातनं दुसरं निघालेलं. दर तक्त्याखाली तेच. रानात जुनं लाकूड उलथलं की खाली एक जगच नांदत असतं, तसं हे नांदत होतं. वास तर असा, की पोत्यात कुजलेल्या पेंडीचा आठव यावा.

त्याला आधी किळस आली, आणि किळस ओसरल्यावर जे आलं त्याला काय म्हणावं हे त्याला कळेना. दीडेक वर्ष त्याची पोर या भिंतीला नाक लावून झोपत होती. इकडं ती श्वास घेत होती आणि तिकडं, बोटभर जाडीच्या गुलाबी फोमापलीकडं, हे एवढं रान वाढत होतं. दोघंही एकाच खोलीची हवा खाऊन.

मग त्यानं डोळे बारीक केले आणि कारखान्यातल्यासारखं बघायला लागला. पुराची खूण अंगणाच्या भिंतीवर अजून होती, गुडघ्याला. ही ओल मात्र खिडकीच्याही वर पोचलेली. खालचा भाग फिकट, वरचा गडद. जमिनीतनं चढलेली ओल अशी नसते. हे पाणी वरनं उतरत होतं.

वर नागोजीराव. त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "अहो, तें पुराचेंच. वेलचेरींत हें असेंच की." गजेंद्रनं उंची दाखवली. म्हातारा दुखावला, पण तपासायला नको म्हणाला नाही. वरच्या न्हाणीघराचं भोक कापडानं बुजवून गजेंद्रनं तळ्यासारखं पाणी साठवलं, आणि त्यात कपड्याची नीळ कालवली. न्हाणीतनं पाणी झिरपत असेल तर खालच्या भिंतीवर निळं उमटणार. एक दिवस गेला, दुसरा गेला. भिंत काळीच. निळीचा ठिपका नाही.

नागोजीराव सुस्कारले. आक्का मिश्री लावत म्हणाली, "रेल्वेत हेच काम करतोस काय रं? मग गाडीत छत्री घिऊनच बसलं पायजे." गजेंद्रनं ऐकून घेतलं. त्याचा खडू पहिल्यांदाच चुकला होता, आणि तोही स्वतःच्या घरात.

त्यात गाडीचा दिवस जवळ येत होता. शर्मिष्ठानं पिशवी भरून दाराआड ठेवली होती. पोरगी आत्याच्या गळ्यात पडून गावच्या मेंढरांची नावं विचारत होती, आणि आता बाहेरच्या खोलीत निजवत होते तरी रोज सकाळी तिच्या छातीत शिट्टी वाजत होतीच.

सकाळी शिट्टी, आणि सकाळीच वरनं एक आवाज. रोज ऐकून ऐकून कानाआड झालेला. पाणी ओतल्याचा. एक बादली, मग दुसरी. गजेंद्र कामावर जाताना बूट घालत होता, तो तसाच एका पायात बूट घालून उभा राहिला. न्हाणीघर त्या बाजूला नव्हतं. पोरीच्या पलंगाच्या थेट डोक्यावर, वरती, देवघर होतं.

सरोजाबाईंचं सोवळं कडक. नागोजीरावांच्या घरचे देव तंजावरहून आलेले, पितळेचे, घासून घासून नाकडोळे गुळगुळीत झालेले. रोज पहाटे त्या देवांना न्हाऊ घालायच्या. अभिषेकाचं पाणी जायला कोपऱ्यात एक मोरी, वाटीएवढं भोक. आणि देवांचं झालं, की अख्खी खोली बादल्या ओतून धुवायची, सासूनं धुतली तशी. न्हाणीघरावर संशय घेणं सोपं असतं. देवाच्या खोलीवर कोण घेतो?

गजेंद्रनं निळीची पुडी घेऊन वर जाऊन दोघांना ते सांगितलं.  सरोजाबाईंनी पुडी त्याच्या हातातनं घेतली, "तुम्ही आंत येऊं नका, मीच करितें" म्हणाल्या, आणि दुसऱ्या सकाळी देवांना न्हाऊ घालून झाल्यावर स्वतःच्या हातानं त्या मोरीत निळं पाणी ओतलं.

संध्याकाळी गजेंद्र कामावरनं आला तर सगळं बिऱ्हाड त्या भिंतीपुढं उभं होतं. वरचे दोघंही खाली आले होते. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात निळा ओघळ उमटला होता. आधी बोटाएवढा, मग उतरत उतरत त्याला फाटे फुटलेले, म्हाताऱ्या माणसाच्या हातावर शिरा दिसाव्यात तसे. काळ्या बुरशीच्या मधनं निळी शीर वाहत होती. बघता बघता तिच्या टोकाला एक थेंब जमला, फुगला, आणि खाली सरकला. एवढी वर्षं रोज पहाटे हे भिंतीच्या पोटात चाललं होतं आणि आज पहिल्यांदा ते माणसांना दिसत होतं. सरोजाबाईंनी तर नकळत हात जोडले.

आता फोडायला हवं होतं. तिथं नागोजीराव अडले. देवघराची ती तांबडी, आरशासारखी गुळगुळीत फरशी त्यांच्या वडलांनी स्वतः उभं राहून घोटून घेतलेली. तिथं घण घालायचा? बाहेरनंच काही करता येत नाही का, भिंतीला चांगलं काहीतरी फासता येत नाही का, असं त्यांनी दहा तऱ्हांनी विचारलं. गजेंद्र मान खाली घालून उभा. भाडेकरू तो भाडेकरू, वर देवाची गोष्ट. एवढ्यात सरोजाबाई बोलल्या. त्या कधी मोठ्यानं बोलत नसत, तेव्हाही बोलल्या नाहीत.

"मी रोज देवास न्हाऊं घालितें. तें पाणी खालीं ह्या पोरीच्या उरांत जातें. हें पुण्य मज नको. देव चार दिवस हॉलांत बसतील. फोडा."

नागोजीरावांनी बायकोकडं बघितलं, आणि स्वतःच जाऊन देव उचलायला लागले.

फोडल्यावर जे दिसलं ते बघायला गजेंद्रला गुडघे टेकावे लागले. मोरीखाली नळीला वळण देणारं भाजल्या मातीचं जुनं कोपरं होतं, ते मधोमध दुभंगलेलं. बाहेरच्या नळीपर्यंत पाणी पोचतच नव्हतं. ते भिंतीत शिरत होतं, आणि तिथं त्यानं आपली वाट केली होती. दोन विटांमधला चुना पार धुऊन नेलेला, विटांच्या कडा गोल झालेल्या, नदीतल्या गोट्यांसारख्या. हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला. बादलीभर पाणी, रोजचं, शांतपणे ओतलेलं. त्यानं दगडासारखी भिंत पोखरली होती. डब्यावर कोसळणारं पाणी गजेंद्रनं जन्मभर पाहिलं होतं. पण या न कोसळणाऱ्या पाण्यानं त्याला जे दाखवलं, ते त्या मांडवानं कधी दाखवलं नव्हतं.

गवंडी बोलावला. नवी नळी, नवा उतार, सांधे नीट बुजवलेले. न्हाणी असो की देवघर, पाणी घराबाहेर पडेपर्यंत गजेंद्रनं त्याची पाठ सोडली नाही. खालच्या खोलीत नाकाला मास्क बांधून भिंत आधी ओली करून, म्हणजे बुरशी उडायला नको, सगळा गिलावा विटेपर्यंत खरवडून काढला. तो पोत्यांत बांधून बाहेर. फोमाचे तक्ते बाहेर. पलंगावरची गादी आणि उशीसुद्धा बाहेर, शर्मिष्ठानं मागं वळून बघितलं नाही. रंगानं चिकटून बसलेली खिडकी छिन्नीनं मोकळी केली, डासांसाठी तिला जाळी लावली. आणि उघड्या विटांपुढं दोन पंखे लावून दिले.

त्या दिवसांत आक्का आणि निधी वरती झोपायच्या, नागोजीरावांच्या हॉलमध्ये. एका बाजूला देव, एका बाजूला या दोघी. सरोजाबाई पोरीला "चेल्लम", म्हणजे लाडके, म्हणत थायिर सादम, म्हणजे आपला दहीभात, भरवायच्या. आक्का ते बघून म्हणायची की दह्यानं कफ हुतो, आणि मग स्वतःच वाटी चाटूनपुसून खायची. हॉलला तिन्ही बाजूंनी खिडक्या. संध्याकाळी समुद्रावरनं वारं सुटलं की पडदे छताला लागायचे.

पहिले काही दिवस शिट्टी होतीच. आक्का पोरीच्या पाठीला कान लावून ऐकायची. दम कोंडलेलं कोकरू कसं ओळखायचं ते तिला लहानपणापासून ठाऊक, तसाच कान. गजेंद्र रोज कामावर जाताना विचारायचा, काय म्हणते? ती नुसतं हातानं "हाय" अशी खूण करायची. मग एके दिवशी तिनं खूणच केली नाही, पुन्हा कान लावला, आणि कपाळाला आठी घालून बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी निधी जिन्यावरनं खाली-वर पळत होती आणि आक्का पायरीवर बसून तिला बघत होती, चुकलं मेंढरू आपणहून कळपात आल्यावर माणूस बघतं तशी. जरा भ्यालेली, जरा विश्वास न बसलेली.

गजेंद्र तिच्या शेजारी बसला. त्याला म्हणायचं होतं, आक्का, हेच चेन्नई, हेच वारं. पण त्यानं काही म्हटलं नाही. पोर जायला दोन दिवस उरले होते, आणि आक्कानं घरी तिच्यासाठी काय काय करून ठेवलं होतं ते त्याला ठाऊक होतं. माळवदावरची खोली सारवलेली. शाळेच्या बाईंना सांगून ठेवलेलं. एक शेळी मुद्दाम राखलेली, पोरीच्या दुधाला.

जायच्या दिवशी सकाळी आक्कानं दाराआडची पिशवी पुढं घेतली. शर्मिष्ठा आत पोळ्या लाटत होती, तिचं लाटणं थांबलं. आक्कानं पिशवीतनं पोरीचे कपडे एकेक काढले आणि पलंगावर रचले.

"मी हिला कशापास्नं सोडवाय आले हुते?" ती म्हणाली. "वाऱ्यापास्नं. आन् वारं तर वर बी तेच हाय. वरच्या वाऱ्यात पोर निजती आन् खालच्यात धापती, तर वाऱ्याचा काय गुन्हा?" मग जरा वेळानं, कपड्यांकडं बघतच, "शेळी इकीन म्हणं. न्हाय तर ठिवीन. सुट्टीला येईलच की पोर."

शर्मिष्ठानं आतनं काहीतरी विचारलं, भाजीला मीठ घातलंय का असलं कायतरी. 

स्टेशनावर आक्का खिडकीशी बसली. समोरच्या पोरीच्या जागेवर तिनं आपलं बोचकं ठेवलं, आणि टीसीनं कुणाला ती जागा द्यायची म्हटलं तर दे म्हणाली. गाडी हलली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. मिश्रीची डबी उघडली.

भिंत वाळायला पार सप्टेंबर लागला. रोज थोडी. वरचा गडद पट्टा खाली खाली सरकत गेला, आणि मागं विटांवर पांढरं फुललं, कापसाच्या बोंडागत. पाणी गेलं, मीठ राहिलं. गजेंद्र ते ब्रशनं झाडायचा, दोन दिवसांनी परत फुलायचं. भिंत आपल्या पोटातलं सगळं ओकून टाकत होती. ती निवळली तेव्हा त्यानं सिमेंटचा गिलावा घालू दिला नाही. नागोजीरावांनी हिरडा आणि गुळाचं पाणी घातलेला चुना मळून घेतला, इकडची जुनी तऱ्हा. त्या चुन्यातनं ओल आली तरी कोंडून राहत नाही, बाहेर पडते. वरनं रंगसुद्धा चुन्याचाच. निधीला गुलाबी हवा होता. पांढऱ्यावर तिची समजूत घालायला बराच वेळ गेला.

डॉक्टरीणबाईला या खेपेला शर्मिष्ठानं सगळं खरं सांगितलं. भिंतीचे फोटो दाखवले. बाईनं ते पुन्हा पुन्हा पाहिले. पंप मात्र बंद केला नाही. पावसाळा जाऊ द्या, मग बघू, म्हणाली. ऑक्टोबरपासून पाऊस धरला, गल्लीचा परत ओढा झाला, शेजारपाजारची पोरं खोकायला लागली. निधीलाही सर्दी झाली, एकदा ज्यादा पंप मारावा लागला, आणि तेवढ्यावर निभावलं. त्या पावसाळ्यात तिला उचलून दवाखान्यात पळावं लागलं नाही. गजेंद्र कामावरनं आला, की भिजल्या हातानं आधी त्या भिंतीला तळवा लावायचा. कोरडी. सगळी वेलचेरी पाण्यात, आणि ही कोरडी. त्याला रोज नवल वाटायचं, आणि रोज ते कमी व्हायचं नाव घेत नव्हतं. मग डॉक्टरीणबाईनं पंपाचा डोस निम्मा केला.

त्याच दिवसांत एका दुपारी आक्काचा फोन आला. बाजरी काढून झाली, शेळी व्यायली, दोन करडं. मग विचारलं, पोरगी काय करती? गजेंद्र म्हणाला, जेवून झोपलीय, आतल्या खोलीत. 

"वाईच फोन तिच्या तोंडाजवळ धर की रं."

गजेंद्र पाय न वाजवता आत गेला. निधी पांढऱ्या भिंतीकडं तोंड करून झोपली होती, एक पाय भिंतीवर चढवलेला. बाहेर पाऊस लागून होता. त्यानं मोबाइल तिच्या ओठांपाशी धरला, आणि उभा राहिला.

तिकडनं आक्काचा आवाज आला, बारीक.

"गजा, फोन कट झाला का?"

"न्हाय, आक्का."

"मग काय ऐकू येईना."

"हाय की. तेच हाय. झोपलीय ती."

 तिकडं लांब कुठंतरी करडू बें बें करत होतं, तेवढं ऐकू येत होतं. गजेंद्रनं फोन तसाच धरला होता, हात अवघडला तरी.

"बरं," आक्का म्हणाली. "ठिव आता. उठवशील पोरीला."